आधी खिडकी, मग कॅमेरा

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत पोर्ट्रेट काढायला गेलं की पहिलं काम म्हणजे घरभर फिरून खिडक्या बघणं. कॅमेरा तोवर पिशवीतच राहतो. प्रत्येक खिडकीपाशी उभं राहून आपला पंजा चेहऱ्याच्या उंचीवर धरायचा आणि सावकाश फिरवायचा. बोटांवरच्या उजेडाची आणि सावलीची सीमा कुठे विरघळते, कुठे कापल्यासारखी दिसते, ते लगेच कळतं. जिथे ती विरघळते तिथे स्टूल ठेवायचं. नवशिके हे दोन मिनिटांचं काम टाळतात आणि कुठली लेन्स घ्यावी या प्रश्नात महिनोन्‌महिने अडकतात.

पुढचं सगळं एका नेहमीच्या बैठकीच्या क्रमाने सांगतो. पंचाहत्तरी झालेले आजोबा किंवा आजी, घरातलीच एखादी खोली, १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती) किंवा ५० मिमी एफ/१.८ लावलेला साधा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, नाहीतर फोन. फ्लॅश नाही, स्टुडिओचे दिवे नाहीत.

उत्तरेची खिडकी मिळाली तर अर्धं काम झालं. तिच्यातून ऊन फारसं येत नाही, आभाळाचा पसरलेला उजेड येतो, आणि तो तास-दीड तास तरी बदलत नाही. पूर्वेची खिडकी दुपारी वापरावी, पश्चिमेची सकाळी. बडोद्यात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या साडेबाराच्या आसपास, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीला बारापर्यंत सहज वेळ मिळतो. दक्षिणेच्या खिडकीचा त्रास हिवाळ्यात होतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४४-४५ अंशांच्या वर जात नाही, म्हणून ऊन थेट खोलीत शिरतं. अशा खिडकीवर पांढरं धोतर किंवा जुनी पांढरी सुती साडी एकेरी ताणून बांधावी. उजेड एक-दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी होतो, पण अख्खी खिडकी एक मोठा मऊ दिवा होऊन जाते. पडदा पांढराच हवा. पिवळसर किंवा गुलाबी पडद्यातून आलेला रंग कातडीवर बसतो आणि एडिटिंगमध्ये तो काढताना पाठीमागची भिंत निळी पडायला लागते.

पुष्कळ जुन्या घरांत खिडकी जमिनीपासून वीतभर उंचीवरच सुरू होते. बसायला ती छान, पोर्ट्रेटला मात्र वाईट. खालून येणाऱ्या उजेडाने हनुवटीची खालची बाजू उजळते आणि नाकाची सावली वर चढते. खालचा भाग सतरंजीने किंवा पुठ्ठ्याने झाकायचा, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीपर्यंत. एवढं केलं की उजेड वरून उतरतो आणि डोळ्यांत खिडकीची चमक घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी दिसू लागते. ही चमक नसेल तर डोळा मेलेला दिसतो. मग बाकी काहीही करा.

स्टूल खिडकीपासून साधारण एक मीटरवर ठेवावं, खिडकी माणसाच्या समोरून ४५ अंश बाजूला येईल असं. स्टूलच, खुर्ची नको. पाठ टेकायला मिळाली की खांदे गोल होतात आणि मान आत जाते. आजोबांना टेकल्याशिवाय बसवत नसेल तर खुर्ची द्यावी आणि पाठीमागे घट्ट उशी लावून त्यांना पुढे आणावं. खिडकीच्या फार जवळ बसवलं तर जवळचा गाल पांढरा पडतो आणि लांबचा काळा. दोन मीटर मागे गेलं तर उजेड सपाट आणि कमी होतो. या दोहोंच्या मधली जागा प्रत्येक खोलीत वेगळी असते, स्टूल वीतवीत सरकवूनच ती सापडते. बघायचं ते नाकाच्या सावलीकडे. ती लांबच्या गालावर पडून ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने उतरत असेल तर जागा बरोबर.

आता घरातले सगळे दिवे बंद. यजमान बिचारे पाहुणचार म्हणून ट्यूबलाइट लावतात, आणि फोटो तिथेच बिघडतो. खिडकीचा उजेड साधारण ५,५०० केल्विनचा, पिवळसर एलईडी ३,००० चा. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. एक गाल निळसर आणि दुसरा नारिंगी झाला तर व्हाइट बॅलन्सचा (फोटोतला रंगाचा झुकाव सुधारणारा) एक स्लायडर दोघांना सुधारू शकत नाही. दिवे लावावेच लागले, म्हणजे संध्याकाळ झाली किंवा खोली अंधारी असली, तर मग खिडकी झाकून टाकावी आणि एकाच जातीच्या दिव्यांवर काम करावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येत नाहीत.

भिंतींकडे कोणी बघत नाही. पिस्ता हिरवा किंवा निळा डिस्टेंपर असलेल्या भिंतीजवळ बसवलेल्या माणसाच्या सावलीतल्या गालावर तो रंग हमखास उतरतो. लाल पैठणी हनुवटीखाली लाली टाकते. भिंत बदलता येत नाही, पण तिच्यापुढे चादर टांगता येते. त्यासाठी आणि एकूणच सावलीच्या बाजूसाठी आमचं आवडतं साधन म्हणजे थर्माकोलचा पांढरा पत्रा, साधारण दोन फूट बाय तीन फूट. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो आणि मोडला तरी वाईट वाटत नाही. चेहऱ्यापासून दोन फुटांवर, खिडकीच्या विरुद्ध बाजूला, उभा धरायचा. जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. चेहऱ्याला गंभीर, खोल सावली हवी असेल तर त्याच जागी काळं कापड धरावं. ते बाजूच्या भिंतीवरून उसळणारा उजेड गिळून टाकतं. सोनेरी रिफ्लेक्टर विकत घेऊ नका. सावळ्या आणि गव्हाळ कातडीवर त्याने काविळीसारखा रंग येतो.

उजेड वाचायचा सराव करायचा असेल तर लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. तिथे व्यक्तिचित्रांपुढे उभं राहून चेहरा, दागिने सगळं विसरा आणि फक्त नाकाखालची सावली बघा: कुठल्या बाजूला पडलीय, किती लांब, तिची कड किती मऊ. त्यावरून उजेड कुठून आला ते सांगता येतं. घरी येऊन तीच सावली खिडकीपाशी पाडून बघा.

मग अंतर. नाकाचं टोक कानापेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं. ४५ सेंटिमीटरवरून फोटो काढला तर कानाच्या तुलनेत नाक जवळजवळ सव्वापट मोठं येतं. दीड मीटरवरून हा फरक ८ टक्क्यांवर येतो. फोनवरच्या फोटोंत ‘माझं नाक असं नाहीये’ ही तक्रार येते ती यामुळेच. लेन्सच्या आकड्याचा यात थेट हात नाही, फोटोग्राफर किती जवळ गेला त्याचा आहे. म्हणून आधी दीड ते दोन मीटर मागे जायचं आणि त्या अंतरावरून चौकट भरणारी लेन्स निवडायची. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी असेल तर दीड मीटरवरून उभ्या चौकटीत डोक्यापासून छातीपर्यंत येतं, दोन मीटरवरून कमरेपर्यंत. किट लेन्स ५५ वर नेली तरी हेच. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद असतो, साधारण २४-२६ मिमीच्या तोडीचा. त्यावर २एक्स किंवा ३एक्स निवडून मागे जावं.

कॅमेऱ्याची उंचीही इथेच ठरते. नुसता चेहरा आणि खांदे असतील तर लेन्स डोळ्यांच्या रेषेत किंवा बोटभर वर. कमरेपर्यंत असेल तर छातीच्या उंचीवर. पूर्ण उभा माणूस असेल तर कमरेच्या उंचीवर. उंच मुलगा उभ्याने बसलेल्या आजीचा फोटो काढतो तेव्हा आजी बुटकी आणि दबलेली दिसते. गुडघ्यावर बसा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, ज्यांची अखेरची वर्षं बडोद्यात गेली आणि २०१२ मध्ये ज्या इथेच वारल्या, त्यांच्या हाती पुष्कळदा रोलिफ्लेक्स असे. तो छातीशी धरून वरून काचेत बघायचा कॅमेरा. त्यामुळे लेन्सची उंची आपोआप खाली येते आणि फोटोग्राफरचा चेहरा कॅमेऱ्यामागे झाकला जात नाही. आजच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन वर दुमडता येत असेल तर तसंच काम करून बघा. समोरच्या माणसाचा ताण बराच कमी होतो.

सेटिंगकडे नवशिक्यांचा जीव जास्त अडकतो, त्यामुळे इथे थोडक्यात. ॲपर्चर प्रायॉरिटी मोड (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, आपण ठरवायचं) किंवा मॅन्युअल विथ ऑटो आयएसओ (आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, कॅमेरा ठरवतो). एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. ५० मिमी लेन्स असेल तर एफ/२.८. एफ/१.८ वर दीड मीटरवरून जेमतेम ६ सेंटिमीटर खोली स्पष्ट राहते. मान किंचित वळलेली असली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर. एफ/२.८ वर ही खोली ९-१० सेंटिमीटर होते आणि दोन्ही डोळे सापडतात. किट लेन्सला ५५ वर एफ/५.६ च्या खाली जाता येत नाही. तिच्यावर साधारण १६ सेंटिमीटर स्पष्ट येतं, म्हणून मागची भिंत धूसर हवी असेल तर माणूस भिंतीपासून किमान दोन-तीन मीटर पुढे बसवा. शटर मोठ्यांसाठी १/२००, लहान मुलांसाठी १/५००. आयएसओ ऑटोवर, कमाल ३,२००. एफ/२.८ आणि १/२०० वर खिडकीपाशी दिवसा तो ४००-८०० च्या घरात राहतो, किट लेन्सवर १,६०० च्या पुढे जातो, आणि जाऊ द्या. आयएसओ वाढल्याने येणारे थोडे दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही. फाइल रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपीईजी दोन्ही.

एक्स्पोजरमध्ये मात्र इथल्या माणसांचे इथले प्रश्न आहेत. कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या चौकटीची सरासरी मध्यम करड्या रंगावर आणू बघतं. मागे चुन्याची पांढरी भिंत आणि पुढे सावळा माणूस असेल तर चेहरा काळा पडतो: +१ ते +१.३ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलं त्याहून तेवढे स्टॉप जास्त उजेड. मागे अंधारी खोली असेल तर उलट, −०.७ पासून सुरुवात. पांढरी टोपी आणि सावळा चेहरा एकत्र असतील तर टोपीची वीण जेमतेम टिकेल एवढंच एक्स्पोजर द्यावं आणि चेहरा नंतर रॉमधून उचलावा. जळलेली टोपी परत येत नाही. आणि लाल. कुंकू, लाल काठ, लाल पागोटं यांचा लाल चॅनेल पांढऱ्या हिस्टोग्राममध्ये (एकूण उजळपणाच्या आलेखात) काहीही न दिसता जळतो. साडीचे सगळे पदर एका सपाट लाल डागात विरून जातात. म्हणून कॅमेऱ्यात आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारा) हिस्टोग्राम चालू ठेवावा, लाल उजव्या भिंतीला चिकटला की एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली. कपाळावरचं तेल आणि घाम हेही एक्स्पोजरचंच दुखणं. क्लिक करण्याआधी टिश्यूने कपाळ आणि नाक हलकं टिपलं की एडिटिंगची दहा मिनिटं वाचतात.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर प्रत्येक फोटोत कातडीचा रंग बदलतो. ५,२०० ते ५,६०० च्या मधे एक आकडा ठरवून तो लॉक करावा आणि पहिल्या फोटोत माणसाच्या हाती ग्रे कार्ड (मध्यम करड्या रंगाचं कार्ड) द्यावं. कार्डाऐवजी झेरॉक्सचा कागद नको. त्यात उजळपणासाठी घातलेल्या रसायनाने तो निळसर येतो आणि त्यावरून बॅलन्स घेतला की चेहरे पिवळे होतात.

फोकस एकाच पॉइंटवर, कॅमेऱ्याला जवळच्या डोळ्यावर. डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो चालू करा, पण आजोबांचा चष्मा जाड असेल तर तो पुष्कळदा चष्म्याच्या फ्रेमवर बसतो. दर काही फोटोंनंतर स्क्रीनवर मोठं करून पापणीचे केस दिसतात का ते बघा. मधल्या पॉइंटवर फोकस धरून मग चौकट सरकवायची सवय एफ/५.६ वर खपते, एफ/२ वर नाही.

चष्म्याची चकाकी आली की नवशिके चष्मा काढायला लावतात. तसं करू नये. ज्या माणसाने चाळीस वर्षं चष्मा लावला त्याचा चेहरा चष्म्याशिवाय त्यालाच ओळखू येत नाही, शिवाय नाकावर दोन खळगे दिसतात. काड्यांची टोकं कानांवरून अर्धा सेंटिमीटर वर उचला, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि खिडकीचं प्रतिबिंब खाली सरकतं. तरी राहिलं तर चेहरा खिडकीपासून थोडा पलीकडे वळवा.

आता माणूस. ‘रेडी, वन, टू, थ्री’ म्हटलं की आपल्याकडचा कुठलाही माणूस पासपोर्टच्या फोटोसारखा ताठ होतो, श्वास रोखतो. आम्ही असं सांगतो: “आजोबा, खांदे जरा दाराकडे वळवा. तेवढेच. आता फक्त मान माझ्याकडे. हनुवटी थोडी पुढे काढा, वर नको, पुढे. आणि आता बोटभर खाली.” हनुवटी पुढे आणि किंचित खाली हे ऐकायला विचित्र वाटतं, त्यामुळे एकदा स्वतः करून दाखवावं लागतं, पण त्याने गळ्याची सैल कातडी ताणली जाते आणि जबड्याची रेघ दिसते. मग “डोळे मिटा, श्वास सोडा, आणि मी ‘हं’ म्हटलं की उघडा.” उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात चेहऱ्यावर कुठलाही नाटकीपणा नसतो. तीन फोटोंचा झटका मारायचा, कारण एकात पापणी पडतेच. हसवायचं असेल तर विनोद सांगा आणि हसू भरात असताना काढू नका. ते ओसरत असतानाचा क्षण घ्या, तोंड मिटत आलेलं असतं आणि डोळे अजून हसत असतात. आजी असतील तर त्यांच्याशी स्वयंपाकाचं, माहेरचं, कशाचंही बोलत राहायचं. नातवाला समोर, कॅमेऱ्याच्या बाजूला उभं केलं तर नजर आपोआप मऊ होते. हातांना काम द्या: जपमाळ, वर्तमानपत्र, काठीची मूठ. चौकट कापताना सांध्यावर कापू नका. मनगट, कोपर, गुडघा इथे कापलं की अवयव तुटल्यासारखा दिसतो. डोक्यावर थोडी जागा सोडा, कारण प्रिंटचं प्रमाण नंतर बदलतं.

बाहेर काढायचं तर बडोद्यात सगळ्यांचे पाय कमाटीबागेकडे वळतात. तिथली मोठी झाडं बघून मोह होतो, पण झाडाखाली दुपारी कवडसे पडतात आणि चेहरा ठिपक्यांनी भरतो. ते एडिटिंगमध्ये काढणं जवळपास अशक्य. गर्द सावलीच्या कडेला, उन्हापासून हातभर आत, माणसाचं तोंड मोकळ्या आभाळाकडे करून उभं करा. गवताच्या अगदी कडेला नको, हिरवा उजेड हनुवटीखाली चढतो. उन्हाळ्यात तर दुपारी कॅमेरा बाहेर काढूच नये. बडोदे कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे, जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि भुवयांखाली डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. डिसेंबरात संध्याकाळी साडेचार ते साडेपाच हा तास सोन्यासारखा. सूर्यास्त सहाच्या आसपास होतो. शहरातल्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत, उजेड वरून आणि गल्लीच्या तोंडाकडून येतो, म्हणून माणसाचं तोंड गल्लीच्या उघड्या तोंडाकडे हवं, पाठ नको. समोरच्या फरशीवर ऊन पडलेलं असेल तर तेच थर्माकोलचं काम करतं. ओट्यावर, वरच्या गॅलरीच्या सावलीत बसवलेला माणूस हा या शहरातला सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत कमी वापरलेला स्टुडिओ.

गरब्याच्या रात्री पोर्ट्रेट काढायचं तर फ्लॅश बंदच ठेवा. उघड्या मैदानात तो उसळवायला छत नसतं आणि चनियाचोळीवरचे आरसे थेट फ्लॅशने पांढरे डाग होऊन बसतात. मैदानाच्या कडेला जिथे मोठा दिवा तिरका पडतो तिथे एफ/१.८, १/२५०, आयएसओ ३,२०० ते ६,४००, बस.

फोनवाल्यांसाठी तीन गोष्टी. ब्यूटी मोड शून्यावर. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक, मग सूर्याच्या खुणेचा स्लायडर थोडा खाली. आणि पोर्ट्रेट मोडची धूसरता नंतर कमी करून एफ/४ ते एफ/५.६ वर आणा; जास्त ठेवली की गजऱ्याच्या कडा, झुमके, नथीचे मोती आणि चष्म्याच्या काड्या अर्धवट विरघळतात.

एडिटिंगच्या आधी निवड. शंभर टक्के मोठं करून डोळा बघायचा. धूसर असेल तर भाव कितीही छान असो, बाद. पापणी अर्धी पडलेले बाद. मग उरलेल्यांतून तीन-चारच ठेवा. वीस फोटो एडिट करणारा नवशिका सगळ्यांवर एकच फिल्टर टाकतो आणि चुका शिकतच नाही.

साधन कुठलंही चालेल: लाइटरूम, फुकट हवं तर संगणकावर डार्कटेबल, फोनवर स्नॅपसीड. पुढचे आकडे लाइटरूमच्या स्लायडरचे आहेत, इतरत्र मापं वेगळी पडतात. सुरू करण्याआधी स्क्रीनवरचा निळा उजेड कमी करणारा फिल्टर आणि फोनचा भडक रंगांचा डिस्प्ले मोड बंद करा, ब्राइटनेस निम्म्यावर आणा. भडक पडद्यावर एडिट केलेला फोटो दुसऱ्याच्या फोनवर मलूल दिसतो.

आधी ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स आणि तो त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना. मग एक्स्पोजर. मग हायलाइट −३० ते −५०, शॅडो +१५ ते +३०. शॅडो याहून वर नेले की खिडकीने घडवलेला चेहरा पुन्हा सपाट होतो आणि सकाळची मेहनत पुसली जाते. ब्लॅक थोडा खाली. कॉन्ट्रास्टला हात लावायची गरज क्वचित पडते.

कातडीच्या रंगावर थांबा. गोरं, गव्हाळ, सावळं, काळं, कुठलीही कातडी रंगचक्रावर नारिंगीच्या अरुंद पट्ट्यातच असते. फरक असतो तो उजळपणाचा. उजेडातल्या गालावर कर्सर नेऊन आकडे वाचा: लाल सगळ्यांत जास्त, हिरवा मधे, निळा सगळ्यांत कमी, उदाहरणार्थ ६८, ५२, ४२ टक्के. निळा हिरव्याच्या वर गेला असेल तर चेहरा जांभळट झालाय, टिंट (हिरवा-जांभळट तोल साधणारा स्लायडर) हिरव्याकडे सरकवा. हिरवा लालाला भिडला असेल तर चेहरा आजारी पिवळट दिसेल, टिंट उलट. हे जमल्यावर नारिंगीचं सॅच्युरेशन −५ ते −१०, एवढंच. लाल कुंकू फार ओरडत असेल तर लालाचं −१०.

नारिंगीचा ल्युमिनन्स (उजळपणाचा) स्लायडर हा आपल्याकडचा सगळ्यांत जास्त गैरवापर होणारा स्लायडर. तो वर नेला की माणूस गोरा होतो, आणि त्याच झटक्यात चेहऱ्याचे सगळे उंचवटे जातात, ओठांचा रंग उडतो, हात मात्र सावळेच राहतात. लग्नाच्या अल्बमांमध्ये पांढरा चेहरा आणि सावळे हात एकत्र दिसतात ते याचंच फळ. घरच्यांनी मागितलं तरी आम्ही +५ च्या पुढे जात नाही. चेहरा खरोखर अंधारा आला असेल तर चेहऱ्यापुरता मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, एक्स्पोजर +०.२ ते +०.३ द्या, कातडी उजळ दिसते पण तिचा रंग तोच राहतो. मागची भिंत −०.३ केली तर चेहरा आणखी उठून येतो, त्याला हातही न लावता.

डाग काढताना प्रश्न एकच: हे पंधरा दिवसांनी चेहऱ्यावर असेल का? पुटकुळी, ओरखडा, टिकलीचा चिकट डाग हे जातील, तेव्हा हील ब्रशने काढा. तीळ, व्रण, आजींच्या कपाळावरचं गोंदण, सुरकुत्या राहतील, तेव्हा ते ठेवा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पूर्ण पुसू नयेत. मास्कवर शॅडो +१५, बस. टेक्स्चर −१० पर्यंत चालतं, क्लॅरिटी कमी करायच्या फंदात पडू नका. चेहरा मेणाचा होतो. बुबुळ +०.३, पण डोळ्याचा पांढरा भाग तसाच. तो खऱ्यात कधीच शुभ्र नसतो. दातांचा पिवळेपणा −२० पर्यंत. प्रत्येक बदल झाल्यावर फोटो छोटा करून, तळहाताएवढा, बघा. त्यात पहिल्यांदा डोळे दिसायला हवेत. गाल किंवा दात आधी दिसले तर कुठेतरी हात जड पडलाय.

शार्पनिंग ४०, रेडियस १, मास्किंग ६०-७०, म्हणजे ते पापण्या आणि केसांवर लागतं, गालाच्या छिद्रांवर नाही. नॉइज रिडक्शन १५ ते २५.

पाठवायचं तर एसआरजीबी (बहुतेक पडद्यांना चालणारी रंगांची पद्धत), लांब बाजू २,०४८ पिक्सेल, क्वालिटी ८५, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. साधा फोटो म्हणून गेला की तो पुन्हा दाबला जातो. छापायचं असेल तर पूर्ण मापाची फाइल द्या. ८ बाय १० इंचाला ३०० डीपीआयने २,४०० बाय ३,००० पिक्सेल लागतात, १२ बाय १८ ला ३,६०० बाय ५,४००, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन्हींना पुरतो. क्रॉप मात्र प्रत्येक मापाचा वेगळा करावा लागतो, कारण ४ बाय ६ आणि ८ बाय १० यांचं प्रमाण जुळत नाही आणि लॅबवाला स्वतः कापतो तेव्हा पहिली जाते ती टोपी.

प्रिंट पडद्यापेक्षा गडद येते, कारण कागद स्वतः उजळत नाही. म्हणून आधी ४ बाय ६ च्या दोन प्रिंट काढाव्यात, एक आहे तशी आणि एक +०.३ ने उजळ, आणि त्या लॅबमधल्या ट्यूबलाइटखाली न बघता दारात, दिवसाच्या उजेडात बघाव्यात. कागद मॅट किंवा लस्टर. ग्लॉसीवर समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं. आणि काउंटरवर फाइल देतानाच सांगावं, “दादा, मशीनचं ऑटो करेक्शन बंद ठेवा, जशी आहे तशीच काढा.” नाहीतर घरी जमवून आणलेला गव्हाळ रंग मशीन आपल्या समजुतीने दोन पायऱ्या गोरा करून देतं.